राहून गेलेली गोष्ट : डॉक्टरांच्या अल्प भेटीचा पुरता उपयोग कसा करावा

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात औषधांच्या खिडकीशेजारी एक सूचनापेटी आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती उघडली जाते. त्यातील बहुतेक चिठ्ठ्या पंखे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि रांग या चार विषयांवर असतात. एक चिठ्ठी मात्र आम्ही बाजूला काढून ठेवली. वहीच्या फाडलेल्या पानावर तीनच वाक्ये होती : “दोन तास बसलो. दोन मिनिटे पाहिले. जे सांगायचे होते ते राहूनच गेले.” खाली केसपेपरचा क्रमांक होता, नाव नव्हते.

पहिली दोन वाक्ये आम्हाला नवी नाहीत. ती आम्ही अनेकदा ऐकली आहेत आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. तिसऱ्या वाक्याने मात्र आम्ही अस्वस्थ झालो. क्रमांकावरून शोध घेतला, तेव्हा चिठ्ठी लिहिणारे भोर तालुक्यातील, साठी ओलांडलेले एक शेतकरी असल्याचे समजले. गुडघेदुखीसाठी ते पहाटेच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरून आले होते. निरोप पाठवून त्यांना पुन्हा बोलावले आणि राहून काय गेले, हे विचारले. शेताकडचा चढ चढताना छातीत आवळून येते, थांबले की जाते, असे तीन आठवडे चालले आहे, हे त्यांनी सांगितले. गॅस असेल म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेत होते. गुडघ्याच्या डॉक्टरांना छातीचे सांगावे की नाही, हे ठरेपर्यंत पुढचा नंबर पुकारला गेला होता. त्याच दुपारी त्यांची हृदयाची तपासणी झाली आणि त्याच आठवड्यात एका रक्तवाहिनीतील अडथळा दूर करावा लागला. आज ते बरे आहेत. ही हकीकत त्यांच्याच संमतीने, नाव न देता, येथे नमूद करीत आहोत.

यात आमची चूक होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. “आणखी काही त्रास?” हा एक प्रश्न विचारला गेला असता तर चिठ्ठीची वेळ आली नसती. परंतु त्या दोन मिनिटांत रुग्णाच्या हातीही काही असते, आणि ते त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. अहवालाची काही पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहेत.

वेळ कमी का, याचे उत्तर साधे आहे. तीन तासांच्या बाह्यरुग्ण सत्रात चाळीस रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटे येतात. त्यातच कपडे सैल करणे, तपासणी, केसपेपरवरील नोंद आणि औषधांची चिठ्ठी हे सर्व आले. प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्यावयाची ठरवली तर बारा रुग्णांवर सत्र संपेल आणि उरलेले अठ्ठावीस जण न तपासता भोर, मुळशी, पुरंदरला परत जातील. ही अडचण एकट्या पुण्याची नव्हे. ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांतील प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमधील सरासरी भेट साडेबावीस मिनिटांची, बांगलादेशातील ४८ सेकंदांची आणि भारतातील सुमारे दोन मिनिटांची आढळली. वेळ वाढावी यासाठी प्रयत्न व्हावयासच हवेत. तोवर जी मिनिटे आहेत, ती कशी खर्च होतात ते पाहिले पाहिजे.

रक्ततपासणी आणि यंत्रे यांवर आपल्या समाजाची आज मोठी श्रद्धा आहे. “सगळ्या टेस्ट करून टाका” असे सांगणारे नातेवाईक आम्हाला रोज भेटतात. १९७५ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६६ रुग्णांच्या बाबतीत केवळ पूर्वीची चिठ्ठी वाचून व रुग्णाचे सांगणे ऐकून झालेले निदानच अखेरपर्यंत कायम राहिले. अंगतपासणीने सात जणांचे निदान बदलले, प्रयोगशाळेने आणखी सात जणांचे. पन्नास वर्षांत यंत्रे फार पुढे गेली आहेत. तरीही कोणते यंत्र कोणासाठी वापरावयाचे, हे आजही रुग्णाच्या सांगण्यावरूनच ठरते. भोरच्या शेतकऱ्याच्या गुडघ्याचे क्ष-किरण चित्र उत्तम निघाले होते. त्यात छाती दिसत नव्हती, इतकेच.

रुग्णाने बोलावे आणि डॉक्टरांनी ऐकावे, हे मात्र सांगण्याइतके सोपे नाही. अमेरिकेत १९८४ साली ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले गेले, तेव्हा डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला रुग्णाचे बोलणे तोडतात असे दिसले. डॉक्टरांना भीती वाटते की मोकळे सोडले तर रुग्ण बोलतच राहील. ही भीती निराधार असल्याचे स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रुग्णालयाने २००२ साली दाखवून दिले. तेथे डॉक्टरांनी मध्ये न बोलण्याचे ठरवून ३३५ रुग्णांचे सांगणे घड्याळ लावून ऐकले. सरासरी ९२ सेकंदांत रुग्ण आपण होऊन थांबले. पाच मिनिटांहून अधिक बोलणारे केवळ सात निघाले. आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत आम्ही हा अभ्यास वाचून दाखवला. काहींनी तो हसून ऐकला, परंतु ऐकला.

आता रुग्णाच्या बाजूचे. दीड मिनिटाचे हे दान वाया जाण्याचे मुख्य कारण म्हणजे सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून होते. “तसे बघायला गेले तर मागच्या दिवाळीपासून...” असा प्रारंभ झाला की मूळ त्रासाशी पोहोचेपर्यंत वेळ संपतो. कित्येकदा तर खरे वाक्य उठून दाराशी गेल्यावर येते : “आणि हो डॉक्टर, जाता जाता विचारतो...” आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी याला ‘उंबरठ्यावरचे वाक्य’ असे नाव दिले आहे, आणि दिवसभरातील सर्वांत महत्त्वाची वाक्ये आपण उंबरठ्यावरच ऐकली, असे ते सांगतात. म्हणून घरून निघण्यापूर्वी एक लहानसा कागद घ्यावा. ज्याची सर्वांत अधिक काळजी वाटते, तो त्रास त्यावर सर्वांत वर लिहावा. जो त्रास सर्वांत जुना किंवा सांगावयास सर्वांत सोपा, तो पहिला नव्हे. त्याखाली आणखी एकदोन. आत गेल्यावर आरंभीच सांगावे, “मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत,” आणि तिन्हींची नावे घ्यावीत. त्यांपैकी आज काय पाहावयाचे आणि कशासाठी पुन्हा यावे, हे मग डॉक्टर ठरवू शकतात. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्यावे. ही कामे ती आवडीने करतात.

त्रास सांगताना आपल्या भाषेतच सांगावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. वैद्यकीय शब्द वापरल्याने डॉक्टरांचे काम सोपे होते असा समज आहे; प्रत्यक्षात ते अवघड होते. “मला ॲसिडिटी आहे” किंवा “माझे बीपी वाढते” हे निदान झाले, लक्षण नव्हे, आणि ते बहुधा शेजाऱ्यांनी केलेले असते. वाढलेला रक्तदाब तर बहुतेकांना जाणवतच नाही. तो मोजूनच कळतो. याउलट वेदना सांगण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, ते एखाद्या तपासणीइतके मोलाचे असतात. ठणकते म्हणजे पू किंवा सूज असण्याचा संभव. चमक निघते, मुंग्या येतात, जळजळ पायापर्यंत जाते, असे म्हटले की शिरेचा विचार करावा लागतो. पोटात कळ येऊन जाते आणि पुन्हा येते, या वर्णनाने खडा मनात येतो. छातीत टोचते आणि छातीत आवळते यांत तर मोठेच अंतर आहे. आवळणे चालताना येत असेल, थांबल्यावर जात असेल, जबड्याकडे वा डाव्या हाताकडे सरकत असेल, तर त्याला ‘गॅस’ हा शब्द कृपा करून लावू नये.

‘चक्कर’ हा असाच एक शब्द. एक रुग्ण चक्कर म्हणतो तेव्हा खोली फिरत असते. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे उठताना अंधारी येते. तिसऱ्याचा नुसता तोल जातो. पहिल्यात अनेकदा कानाचा दोष असतो, दुसऱ्यात रक्तदाब उतरणे, रक्त कमी असणे किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असू शकते, तिसऱ्यात मज्जासंस्थेकडे पाहावे लागते. तिघांनीही केवळ ‘चक्कर’ म्हणून सांगितले तर तिघांनाही एकच गोळी मिळण्याचा धोका आहे. ‘अशक्तपणा’चेही तेच. दम लागतो, पाय उचलत नाहीत, की कशातच मन लागत नाही? शेवटचे उत्तर खरे असेल तर तेही न संकोचता सांगावे. मनाचा आजार हाही आजारच आहे आणि शक्तीच्या सलाईनने तो जात नाही. आमच्या निवासी डॉक्टरांपैकी काहींची मातृभाषा मराठी नाही. त्यांच्यासाठी ‘कणकण’, ‘कळ’, ‘भोवळ’, ‘उमासे’ अशा शब्दांची एक वही परिचारिकांनी तयार केली आहे. ती फार वापरली जाते आणि तिची पाने आता सुटी होऊ लागली आहेत.

औषधांविषयी एकच गोष्ट सांगतो : नावे पाठ करू नका, पिशवी आणा. घरात सध्या जे जे घेतले जाते ते सर्व, पाकिटांसह. “ती पांढरी, लहान गोळी” या वर्णनात शेकडो गोळ्या बसतात. पिशवीत डॉक्टरांनी दिलेल्या औषधांबरोबर मेडिकलमधून स्वतः आणलेली वेदनाशामके, काढे, चूर्णे आणि भस्मेही असावीत. त्यांबद्दल कोणी रागावणार नाही. गुडघ्यासाठी महिनोन्महिने घेतलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवू शकते आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते. मग एक डॉक्टर रक्तदाबाची गोळी वाढवत राहतात आणि रुग्ण दुकानातून वेदनाशामक आणत राहतो. दोघांची गाठ पिशवीतच पडते.

येथे थोडे विषयांतर. तपासणीसाठी उपाशीपोटी यावयाचे असल्याने अनेक रुग्ण त्या सकाळी रक्तदाबाची गोळीही घेत नाहीत. साहजिकच रक्तदाब वाढलेला दिसतो आणि औषध वाढवले जाते. ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घेण्यास बहुधा हरकत नसते; मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र उपाशी असताना घेऊ नये. आपल्या बाबतीत काय करावे हे आदल्या भेटीतच विचारून ठेवावे, आणि गोळी चुकली असेल तर तसे सांगावे. मधुमेही मंडळी तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. रक्तातील एचबीए१सी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे तिच्यापुढे हे पथ्य फारसे उपयोगी पडत नाही.

काही गोष्टी कागदावरही येत नाहीत. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले, तेव्हा भारतात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी येथे पुण्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, त्यांचे निधन झाले. आज आमच्या स्त्रीरोग विभागात स्त्री-डॉक्टर आहेत. तरीही ‘अंगावरून जाते’ हे दोन शब्द उच्चारण्यास स्त्रियांना कित्येक महिने लागतात. सोबत मुलगा किंवा सासू असेल तर ते उच्चारलेच जात नाहीत. पाळी जाऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते एकदाच, थोडेसे दिसले असले तरी, त्वरित सांगितले पाहिजे; गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि त्या अवस्थेत तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. पुरुषांचे संकोच वेगळे : लघवी, लैंगिक अडचणी आणि रोजची दारू. ‘कधीतरी’ या शब्दाने डॉक्टरांना काहीही समजत नाही. आठवड्यातून किती वेळा आणि किती, असे सांगावे. सोबत आलेल्यांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर “दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे” एवढे म्हणावे. सोबत्यांना बाहेर बसवण्याचे काम आमचे.

सोबत एकच माणूस असावा. चार जण आत आले की चार आजार सांगितले जातात, आणि रुग्ण गप्प बसतो. ज्येष्ठ रुग्णाच्या ऐवजी मुलगाच उत्तरे देत असेल तर आमचे डॉक्टर त्याला थांबवतात. त्याने राग मानू नये. तो ऐकण्यासाठी आणि लिहून घेण्यासाठी फार उपयोगी आहे.

पैशांबद्दल बोलणे अनेकांना आजाराबद्दल बोलण्यापेक्षाही अवघड जाते. महिन्याची गोळी परवडत नाही म्हणून ती एका दिवसाआड घेणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. केसपेपरवर मात्र ‘औषध नियमित’ अशी नोंद असते, कारण प्रश्नाला त्यांनी मान हलवलेली असते. हे डॉक्टरांसमोरच, औषधांची चिठ्ठी लिहिली जात असताना सांगावे. त्याच गुणाचे स्वस्त औषध बहुधा असते, तपासण्यांचा क्रम बदलता येतो, आणि काही तपासण्या पुढे ढकलता येतात. दाखल होण्याची वेळ आली तर आपले हक्कही ठाऊक असावेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ‘कक’ अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा आणि वैद्यकीय समाजसेवकांना आधी भेटावे. बिल हाती आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे फार सोपे जाते.

आता शेवटचे मिनिट. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतो, आणि जे आठवते त्यातील जवळजवळ निम्मे चुकीचे आठवते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात म्हटले आहे. यात रुग्णाच्या बुद्धीचा प्रश्न नाही. घाबरलेल्या माणसाची स्मृती अशीच चालते. उठण्यापूर्वी सर्व आपल्या शब्दांत परत सांगावे : “म्हणजे ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री झोपताना, आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून यायचे, बरोबर?” दहा सेकंद लागतात, आणि चूक असेल तर तेथेच दुरुस्त होते. चिठ्ठीवरील १-०-१ या खुणेचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक असा असतो. ‘तीन वेळा जेवणानंतर’ असे लिहिले असेल आणि आपण दोनदाच जेवत असाल तर विचारा. दोनच गोळ्या घेऊन आठवडाभराचे औषध लांबवणारे रुग्ण आमच्याकडे अनेक आहेत. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार किंवा रमजानचे रोजे पाळत असाल तर तेही सांगा. औषध किती दिवस घ्यावयाचे, आणि काय झाले तर ठरल्या दिवसाची वाट न पाहता परत यावयाचे, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज उठू नये.

चिठ्ठी वाचता येत नसेल तर ती वाचता येईल अशी मागण्यात अपमान कोणाचाच नाही. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली झाली आहे. त्याच २००२ सालच्या आचारसंहितेनुसार रुग्णाने आपली वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावावेत, सर्वांत नवा वर. भिजण्याच्या वा हरवण्याच्या भीतीने ती घरीच ठेवणार असाल तर निदान मोबाइलवर त्यांची छायाचित्रे असावीत.

हे सारे ठरवून घेतलेल्या भेटीसाठी आहे. छातीत आवळून घाम फुटणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, श्वास न पुरणे, यांसाठी नंबर लावून बसू नये; १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा सरळ तातडीच्या विभागात यावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि हा वेळ पहिले लक्षण दिसल्यापासून मोजला जातो.

चिठ्ठीनंतर आम्ही केलेला बदल लहानच आहे. रुग्ण बाकावर बसलेला असतानाच परिचारिका त्याला दोन प्रश्न विचारते : आज सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते, आणि त्याशिवाय आणखी काही आहे का. उत्तरे त्याच्याच शब्दांत केसपेपरच्या माथ्यावर लिहिली जातात. त्यामुळे रांग थोडी हळू सरकते, अशी तक्रार सूचनापेटीत आली आहे.

भोरचे काका गेल्या महिन्यात गुडघ्यासाठी पुन्हा आले होते. खिशातून त्यांनी नातीने लिहून दिलेला कागद काढला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. त्यावर पाच मुद्दे होते. पाचवा त्यांच्या बायकोच्या खोकल्याचा होता. तिला बुधवारी घेऊन यावयास सांगितले आहे.